ओळखीची वाट



दिवाळीची सुट्टी संपली, शाळेची घंटा वाजली. फराळाचे डबे एव्हाना रिकामे झाले असतील. पण अंगणात केलेला मातीचा किल्ला अजून आहे ना? असेल तर मोडू नका. आज आपल्याला त्याचे काम आहे.

किल्ला करताना काय काय केलेत ते आठवा पाहू. दगड-विटा रचल्या, वर पोते पसरले, चिखल लिंपला, अळीव पेरले. मग बोटाने वळणावळणाची वाट काढली आणि तिच्यावर मावळे उभे केले. तेव्हा माती ओली होती. वाट कशी घट्ट, गुळगुळीत! चार दिवसांत अळीव हिरवेगार उगवून आले. आता जरा जाऊन बघा. पाणी शिंपडणे थांबले, अळीव पिवळे पडून आडवे झाले. वाट त्यांच्याखाली दडली. मातीला भेगा पडल्या. बोट लावले, की भुरभुर खाली! एखादा मावळा तर गडगडत पायथ्याशी पोचला असेल.

खऱ्याखुऱ्या सह्याद्रीतही या दिवसांत हेच चाललेले असते. शरद ऋतू सरत येतो, हेमंताची थंडी दारात उभी राहते. पाऊस माघारी गेलेला, आभाळ निळेभोर, हवा गार. डोंगर चढायला याहून चांगले दिवस नाहीत. तुमच्यापैकी पुष्कळजण आई-बाबांबरोबर, शाळेबरोबर गडावर जाल. अवश्य जा! पण जाण्याआधी माझी एक फजिती ऐका. फजिती म्हणजे चूकच, आणि ती माझी स्वतःची आहे.

हरिश्चंद्रगड तुम्ही ऐकला असेल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात तो आहे. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे देखणे प्राचीन मंदिर आहे. केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभे असलेले भले मोठे शिवलिंग आहे. पश्चिमेला कोकणकडा आहे. अर्धवर्तुळासारखा आत वळलेला, खाली बघितले की पोटात गोळा आणणारा! गडावर जायच्या वाटा अनेक. त्यातली एक पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वर गावातून निघते. आधी तोलारखिंड, मग कातळाचा टप्पा, तिथे धरायला लोखंडी कठडे आहेत. तो चढून गेले, की मंदिर आलेच असे वाटते. पण तसे नसते. पुढे एकामागून एक टेकड्या लागतात. चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. मधे कारवीचे आणि झाडांचे दाट रान. वाट चुकण्यासाठी ही जागा प्रसिद्धच आहे.

ऑगस्टमध्ये मी या वाटेने एका मोठ्या गटाबरोबर जाऊन आले होते. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस माझा भाचा, भाची आणि शाळेतली एक मैत्रीण यांना घेऊन मी पुन्हा निघाले. भाचा आठवीत, भाची सहावीत. पहाटे लवकर निघून संध्याकाळपर्यंत परत यायचे, असा बेत होता. प्रत्यक्षात उठायला उशीर झाला, खिरेश्वरला चहा-पोह्यांत वेळ गेला आणि चालायला सुरुवात केली तेव्हा साडेनऊ वाजले होते.

चहाच्या टपरीवर गावातले एक मामा बसले होते. म्हणाले, "बाई, येऊ का संगं? गवात लई माजलंय. वाटा दिसायच्या न्हाईत."

"नको मामा," मी म्हटले, "ऑगस्टातच येऊन गेलेय. वाट ओळखीची आहे माझ्या."

मामा हसले. "पावसातली वाट येगळी, बाई. आत्ताची येगळी."

मला ते बोलणे उगीचच वाटले. वाट काय कुठे चालत जाते?

खिंड आली, कातळाचा टप्पाही मजेत चढलो. वर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. डबे उघडले, तिळाची चटणी आणि भाकरी खाल्ली. भाचा खुशीत होता. कोकणकड्यावर पालथे पडून खाली बघायचे, हे त्याने महिनाभर ठरवून ठेवले होते. पुढे निघालो. एका दगडावर पांढरा बाण होता, तो दिसला. त्यानंतर मी मनातल्या मनात माझ्या खुणा काढल्या. आधी डाव्या हाताला धबधबा येईल. मग खळाळता ओढा, त्याचा आवाज लांबूनच ऐकू येतो. ओढा ओलांडला, की उजवीकडे वळायचे.

चालता चालता पंधरा मिनिटे झाली. धबधबा नाही. वीस मिनिटे झाली. ओढ्याचा आवाज नाही. सगळीकडे कमरेएवढे वाळके सोनेरी गवत आणि सूंऽ करणारा वारा. मुलांनो, तुमच्या लक्षात आले ना? मी शोधत होते पाण्याच्या खुणा, आणि पाऊस जाऊन तर दीड महिना झाला होता!

एके ठिकाणी वाट दुभंगली. उजवीकडची चांगली रुंद, मळलेली. डावीकडची गवतात जेमतेम दिसणारी. रुंद वाट तीच खरी, असे समजून मी उजवीकडे वळले. वाट छान होती. चढ नाही, उतार नाही, डोंगराच्या कडेकडेने सरळ चाललेली. पण थोड्या वेळाने माझ्या मनात पाल चुकचुकली. सूर्य आमच्या ज्या बाजूला असायला हवा, त्या बाजूला नव्हता. वाट चुकली, हे मला कळले होते.

आणि तरी मी बोलले नाही. अर्धा तास बोलले नाही! "आलंच आता" असे म्हणत पुढे चालत राहिले. का? मी मोठी होते ना. 'ओळखीची वाट' असे सगळ्यांसमोर सांगून बसले होते ना.

शेवटी ती वाट एका उघड्या उतारावर संपली. तिथले गवत कापून नेलेले होते. पुढे थोड्याच अंतरावर डोंगर तुटला होता. खाली नुसती दरी. भाची हळूच म्हणाली, "आत्या, इथे माणसांच्या पावलांचे ठसे नाहीतच. सगळे गुरांच्या खुरांचे आहेत."

"तुला केव्हा दिसले?"

"मघाशीच. वळलो तेव्हा."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू पुढे होतीस ना! मला वाटलं, तुला माहीत असेल."

मी कातळावर बसले. पाणी प्यायले आणि म्हटले, "मला माहीत नव्हतं. वाट चुकली आहे, आणि मला ते बऱ्याच वेळापूर्वी समजलं होतं." हे वाक्य बोलायला किती जड गेले म्हणून सांगू! पण बोलल्याबरोबर सगळे सोपे झाले. भाच्याला समोरच्या टेकडीमागे गडाचा डोंगर दिसत होता. तो म्हणाला, "इथून सरळ गवतातून उतरून पलीकडे चढू." दिसायला ते अगदी जवळ होते. पण गवताखाली काय आहे, दगड आहे की खड्डा की कड्याची धार, कोणाला ठाऊक? आम्ही ठरवले, जिथे शेवटची खात्रीची खूण दिसली होती तिथे परत जायचे. म्हणजे त्या पांढऱ्या बाणापाशी. आल्या पावली, एकही आडवाट न घेता.

बाणापाशी पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. मैत्रिणीने घड्याळ दाखवले. मग आम्ही चौघांनी तिथेच बसून गणित मांडले. तुम्हीही करा बरं. मंदिरापर्यंत अजून सव्वा तास, तोही वाट नीट सापडली तर. म्हणजे चार वाजणार. गडावर अर्धा तास; साडेचार. परत खिरेश्वरला उतरायला किमान साडेतीन तास. किती वाजले?

आठ! आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या भागात जूनच्या अखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तो नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारासच मावळतो. गंमत ऐका. वर्षातला सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास असतो, हे तुम्ही भूगोलात शिकता. पण आपल्याकडे सर्वांत लवकर सूर्यास्त त्या दिवशी नसतो, तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातच होतो. डिसेंबरात सूर्य सकाळी आणखी उशिरा उगवतो, म्हणून तो दिवस सर्वांत लहान ठरतो. सूर्य बुडाला, की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. रानात तर त्याही आधी. म्हणजे कातळाचा तो कठड्यांचा टप्पा आम्हाला अंधारात उतरावा लागला असता.

गणित भाच्यानेच केले होते. उत्तर बरोबर होते. त्याला ते आवडले मात्र नाही. "एवढं येऊन परत?" तो म्हणाला, आणि नंतर गप्पच झाला. आम्ही मागे फिरलो. उतरताना वाळक्या मातीवरून मी दोनदा आणि मैत्रीण एकदा घसरली. खिंडीत पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. शेवटचा अर्धा तास विजेरीच्या उजेडात चाललो. टपरीवर मामा होतेच. त्यांनी काही विचारले नाही. चहा पुढे केला, एवढेच. मीच म्हटले, "मामा, तुमचं खरं होतं."

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सकाळी सहाला चालायला लागलो, आणि पुढे होते मामा. मी त्यांना वाटेत प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडले. त्यांनी जे दाखवले, ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट पायाखालची. पावसात माती ओलाव्याने एकमेकींना धरून असते. वाळूचा किल्ला ओल्या वाळूचाच का होतो? तेच कारण. पाऊस सरला, की ओलावा उडून जातो आणि कण सुटे होतात. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो झाला. हा खडक झिजून त्याचा मुरूम होतो. वाळलेला मुरूम टणक कातळावर पसरला, की सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांवरून चालल्यासारखे होते. याला डोंगरातली माणसे घसारा म्हणतात. मामांनी सांगितले, "टाच आपटू नका, पावलं ल्हान टाका, आन् उतरताना गुडघा जरा वाकता ठेवा." उलट, जिथे ऊन पोचत नाही अशा घळीत शेवाळ अजून ओले असते. म्हणजे एकाच वाटेवर दहा पावले कोरडा घसारा, तर पुढची दहा पावले ओला निसरडा. सकाळच्या दवाने गवतही निसरडे होते.

दुसरी गोष्ट गवताची. पावसाळ्यात वाढलेले गवत वाळून आडवे होते आणि खऱ्या वाटेला झाकते. त्याच दिवसांत गुरे चरून-चरून आणि गवत कापणारी माणसे ये-जा करून नव्या वाटा पाडतात. गुरांची वाट, म्हणजे ढोरवाट, बहुधा चढ टाळून डोंगराच्या कडेकडेने जाते आणि चारा संपला की संपते. गवतकाप्यांची वाट गवतापाशीच थांबते. त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांना तिथेच जायचे असते! चूक आपली, कारण आपण न विचारता त्या वाटेला आपली वाट समजतो. माणसांच्या जुन्या वाटेवरचे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेले असतात. कुठे खोदलेली पायरी असते, कुठे कोणीतरी लगोरीसारखे दगडावर दगड रचून ठेवलेले असतात. ही लगोरी पाडू नका हं. ती खेळातली नव्हे, ती दिशा दाखवणारी पाटी असते.

तिसरी गोष्ट माझ्या ओढ्याची. मामा एका जागी थांबले. "ह्यो तुमचा वढा." मी बघतच राहिले. कातळावर एक काळपट पट्टा वरून खाली आलेला, त्याच्याखाली गोल गोल गोटे. पाण्याचा थेंब नाही. मामा म्हणाले, "पानी जातं. पान्याची वाट ऱ्हाती." मुलांनो, त्या दिवशी तो ओढा आम्ही दोनदा ओलांडला होता. जाताना एकदा, येताना एकदा. मी कानांनी शोधत होते; तो डोळ्यांनी दिसण्यासारखा होता.

तेव्हापासून मी खुणांचे दोन गट करते. बदलणाऱ्या खुणा: धबधबा, चिखल, फुले, गवत, झाडाची सावली. न बदलणाऱ्या खुणा: शिखराचा आकार, कातळ, खिंड, कोरलेली पायरी. वाट लक्षात ठेवायची तर दुसऱ्या गटातली खूण निवडायची. आणि ती जाताना पुढून पाहायची तशी मागे वळूनही पाहायची, कारण परतताना ती आपल्याला मागच्याच बाजूने दिसणार असते.

आता एक गोष्ट मला मघाशीच सांगायला हवी होती. ऑगस्टमध्ये मी या वाटेने 'गेले होते' असे म्हणाले ना? तेही अर्धेच खरे. तेव्हा गटाबरोबर वाटाड्या होता. मी वाट चालले नव्हते, मी वाटाड्याच्या पाठीमागे चालले होते. दोन्हींत फार फरक आहे.

त्या दिवशी आम्ही साडेदहालाच मंदिरापाशी पोचलो. गुहेतल्या गार पाण्यात पाय बुडवले. मग कोकणकड्यावर गेलो. मामांनी भाच्याचे पाय घट्ट धरले आणि तो पालथा पडून खाली बघत राहिला. उठल्यावर कपड्यांची कुसळे काढत काढत त्याने मला विचारले, "आत्या, त्या दिवशी तुला भीती वाटली होती?"

"हो. वाटली होती."

"मग लगेच का नाही सांगितलंस?"

माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते. वर्गात मी रोज मुलांना सांगते, की उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणा, त्यात लाज कसली? आणि डोंगरात माझ्या तोंडून तेच तीन शब्द निघायला अर्धा तास लागला. भाचीनेही ठसे पाहिले आणि ती गप्प राहिली, कारण पुढे मोठे माणूस होते. म्हणून आमच्या घरात आता एक नियम झाला आहे. डोंगरात ज्याला कोणाला काही चुकल्यासारखे वाटेल, मग तो सर्वांत लहान का असेना, त्याने मोठ्याने "थांबा" म्हणायचे. आणि बाकीच्यांनी खरोखरच थांबायचे. 'थांबा' चुकीचे ठरले तर दोन मिनिटे गेली. न म्हटलेले 'थांबा' फार महाग पडते.

पालकांसाठी चार ओळी. या दिवसांत मुलांना घेऊन निघाल तर परत फिरण्याची वेळ आधीच ठरवा आणि ती मुलांना सांगून ठेवा. गावातला वाटाड्या बरोबर घ्या. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. माणशी किमान दोन लिटर पाणी आणि प्रत्येकाजवळ विजेरी हवी. मोबाईलवरचा नकाशा कामाचा आहे, पण डोंगरात रेंज जाते आणि बॅटरीही संपते. वाळक्या गवतात काडी ओढू नका, एका ठिणगीने अख्खा डोंगर पेटतो. कड्यांवर आग्यामाश्यांची पोळी असतात. तिथे आरडाओरडा, धूर, अत्तर काही नको. आणि संकटात फोन लागत असेल, तर ११२ हा क्रमांक सर्वांनाच पाठ असू द्या.

आता करून पाहा. तुमच्या किल्ल्याची सुकलेली माती एका पाटावर पसरा. पाट तिरका करत जा. माती कधी घसरते, ते टेकू म्हणून घातलेली पुस्तके मोजून लिहून ठेवा. मग तेवढ्याच मातीवर थोडेसे पाणी शिंपडून पुन्हा करा. मग खूप पाणी ओतून पुन्हा करा. तिन्ही वेळा काय फरक पडला? दुसरा प्रयोग: कपड्यांना चिकटलेले लांब शेपटीचे कुसळ जपून ठेवा आणि त्याच्या पीळ पडलेल्या शेपटीवर पाण्याचा एक थेंब टाका. ते कसे गिरक्या घेते ते बघा, आणि या गिरक्यांचा त्या गवताला काय उपयोग होत असेल, ते स्वतः विचार करून मला पत्राने कळवा.

आणि हो, किल्ल्यावरून गडगडलेल्या त्या मावळ्याला उचलून पुन्हा जागेवर उभे करा बरं. वाट बदलली, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते!

तुमची,
बाई